काखेंत कळसा आणि गांवाला वळसा



गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारची गोष्ट. तुंगार्लीच्या वळणावर एक मोटार थांबली. आंतील गृहस्थांनीं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका मुलाला विचारिलें, “बाळ, येथें पाहण्यासारखें काय आहे रे?” मुलगा आपल्याच शाळेचा, इयत्ता आठवीचा. क्षणभर विचार करून तो म्हणाला, “भुशीचें धरण आहे, टायगर पॉइंट आहे, चिक्कीचीं दुकानें आहेत. बाकी विशेष कांहीं नाहीं, काका.” मोटार निघून गेली. मी दहा पावलांवर छत्री घेऊन उभा होतों. परंतु त्या मुलाला दोष देण्याचें धैर्य मला झालें नाहीं. ज्यांच्यापुढें बसून तो शिकतो, त्या शिक्षकांपैकीं मीहि एक आहें. ‘विशेष कांहीं नाहीं’ हें उत्तर त्याचें नव्हतें. तें आम्हींच त्याला शिकविलेलें होतें.

दरवर्षीं आपल्या शाळेची सहल निघते. कधीं वेरूळ, कधीं म्हैसूर. त्याविरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. प्रवासानें दृष्टि विशाल होते. परंतु म्हैसूरच्या राजवाड्याचे घुमट मोजून आलेल्या मुलाला आपल्या घरासमोरचा काळ्या दगडाचा बंगला कोणी व कां बांधला हें ठाऊक नसावें, हें नवल नव्हे काय? काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तें हेंच. माझें मत असें आहे कीं, ज्या गांवाची उपजीविका पाहुण्यांच्या करमणुकीवर चालते, त्या गांवाच्या मुलांनीं तरी आपलीं जुनीं घरें व जुनीं स्थळें पायीं हिंडून पाहिलीं पाहिजेत. नाहीं तर तें गांव हळूहळू नुसता बाजार होऊन बसतें.

या बाबतींत अमेरिकेंतील लास व्हेगस या शहराचें उदाहरण बोलकें आहे. हें शहर नेव्हाडाच्या वाळवंटांत वसलेलें आहे. पण त्याच्या स्पॅनिश नांवाचा अर्थ ‘कुरणें’ असा आहे, कारण एके काळीं तेथें झरे होते व त्यांच्या कांठीं गवत उगवे. १८५५ सालीं मॉर्मन पंथाच्या प्रचारकांनीं तेथें कच्च्या विटांचा एक लहानसा कोट बांधला. १९०५ सालीं रेल्वेनें जमिनीचे तुकडे लिलांवानें विकले आणि गांव वसलें. १९३१ सालीं जुगाराला कायद्यानें मोकळीक मिळाली, आणि पुढें सारें जग करमणुकीसाठीं तिकडे धांवूं लागलें. दिव्यांच्या झगमगाटांत जुन्याची किंमत राहिली नाहीं. जुनीं हॉटेलें सुरुंगानें उडवावीं आणि तो धुरळा पाहण्यास लोकांनीं गर्दी करावी, असा तेथें प्रघातच पडला. १९९३ सालीं ‘ड्यून्स’ गेलें. १९५७ सालीं उघडलेलें ‘ट्रॉपिकाना’ ऑक्टोबर २०२४ मध्यें गेलें. परंतु त्याच शहरांतील कांहीं नागरिकांना याची खंत वाटली. त्यांनीं जुन्या हॉटेलांच्या दिव्यांच्या पाट्या गोळा करून त्यांचें संग्रहालय उभारलें. ‘ला कोंचा’ नांवाच्या १९६१ सालच्या एका उतारगृहाचा शिंपल्यासारखा दर्शनी भाग पाडला जाणार होता. त्याचे तुकडे करून ते दुसरीकडे नेऊन पुन्हां जोडले, आणि आज त्या संग्रहालयांत प्रवेश होतो तो याच वास्तूंतून. मातीच्या कोटाचा उरलेला भागहि जपून ठेविला आहे. जें शहर जुनें पाडण्यांत आनंद मानी, त्यालाहि शेवटीं आपल्या जुन्याची आठवण हवीशी वाटली.

लास व्हेगस सातां समुद्रांपलीकडे आहे खरें. परंतु सुरुंगाचा आवाज आपल्याहि घाटांत झाला आहे. १८३० सालीं, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरील दगडी पूल १९० वर्षें उभा राहिला. द्रुतगती मार्ग झाल्यावर त्याचे खांब वाहनांच्या वाटेंत येऊं लागले, कोंडी होऊं लागली, अपघात होऊं लागले. आणि एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीनें रस्ते ओस पडले असतां, तो सुरुंग लावून पाडण्यांत आला. पूल पाडला याबद्दल माझी तक्रार नाहीं. माणसांचे प्राण दगडांपेक्षां मोलाचे आहेत. माझें दुःख वेगळें आहे. आपल्या शाळेंतील कितीतरी मुलें त्या पुलाखालून गेलीं. पण त्याचें एकहि चित्र, त्यावर लिहिलेल्या चार ओळीहि आपल्या संग्रहीं नाहींत. आम्ही त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणत होतों. ज्याला बांधणाऱ्याच्या नांवानें नव्हे, तर त्यावरील मलमाच्या जाहिरातीवरून ओळखावें, त्याच्यासाठीं हळहळणार तरी कोण?

आतां आपल्या भोंवतालीं दृष्टि टाका. या खोऱ्यांतील सर्वांत जुनीं घरें म्हणजे भाजें व कार्लें येथील लेणीं. लोणावळें हें नांवच लेण्यांवरून पडलें असें सांगतात. भाज्याच्या विहारांत भिक्षूंच्या खोल्या आहेत व त्यांत निजावयाचे ओटे दगडांतच कोरलेले आहेत. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब असून त्याच्या छताच्या लांकडी फासळ्या सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि टिकून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह पूर्ण केलें, असें तेथील शिलालेख सांगतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकांतील बनवासी. दूरदेशीच्या व्यापाऱ्यानें या डोंगरांत येऊन घर उभारावें, ही रीत आजकालची नव्हे! जवळच लोहगड आहे. तेथें नाना फडणविसांनीं बांधविलेलें सोळा कोनी टाकें आहे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ दुर्गांत हा गड आहे. जगानें ज्याची दखल घेतली, तो आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिला आहे?

रेल्वेचा इतिहासहि असाच दाराशीं आहे. घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं संपलें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, आणि २५ बोगदे! १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार हिंदुस्थानांत येतांच थोड्या आठवड्यांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. १८६१ सालीं तेथें ४२,००० मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतले हजारों मेले; त्यांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत. भुशीचें धरणहि त्याच रेल्वेनें पाण्यासाठीं बांधलेलें. म्हणजे त्या मुलाच्या उत्तरांतहि इतिहास होता. त्याला तो कोणी सांगितला नव्हता इतकेंच. आणि तुंगार्लीच्या शेजारचें वळवण? १९११ सालीं टाटांच्या जलविद्युत् योजनेचा पाया लोणावळ्यास घातला गेला. वळवणच्या तलावाचें पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरतें, आणि १९१५ पासून तेथें तयार होणाऱ्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

आगगाडी आली आणि तिच्यामागून बंगले आले. मुंबईच्या पारशी, गुजराती व इतर धनिकांनीं उन्हाळ्यासाठीं येथें घरें बांधलीं. उंच जोतें, काळ्या दगडाच्या भिंती, लांब व्हरांडा, मंगळुरी कौलांचें उतरतें छप्पर. येथें वर्षाला सरासरी १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो अंगावर घेऊन शंभर वर्षें कसें उभें राहावें, हें शास्त्र त्या घरांच्या रचनेंत आहे. आज त्यांतील अनेक घरें पडत आहेत वा पाडलीं जात आहेत, आणि त्यांच्या जागीं पोहण्याच्या हौदांचीं नवीं घरें भाड्यानें देण्यासाठीं उभीं राहत आहेत.

कोणी म्हणेल, “हीं परक्या श्रीमंतांचीं घरें, त्यांचें आम्हांला काय?” मी विचारतों, त्यांचे दगड कोणीं घडविले? कौलें कोणीं चढविलीं? बाग कोणीं राखली? तुमच्यापैकीं कित्येकांचे आजोबा तेथें माळी होते, गवंडी होते, राखणदार होते. पैका मुंबईचा असेल, हात मावळचे आहेत. दुसरा कोणी म्हणेल, “घर ज्याचें त्याचें, तें विकावें कीं पाडावें हा धन्याचा हक्क आहे.” हें मलाहि मान्य आहे. जुनें घर राखण्याचा खर्च थोडा नसतो, आणि त्याबद्दल घरधन्याला उपदेश करणें सोपें असतें. म्हणून मी कोणाला कांहीं राखावयास सांगत नाहीं. मी तुम्हांला पाहावयास व लिहून ठेवावयास सांगतों. पाहण्याला कोणाची हरकत नसते; रस्त्यावरून, अदबीनें, फाटकाच्या अलीकडून.

आणि ही नुसती शोभेची विद्या नव्हे. ३० जून २०२४ रोजीं भुशीच्या परिसरांतील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. पठारावर पाऊस कोसळला कीं खालीं पाणी किती झपाट्यानें चढतें, हें येथल्या जाणत्या माणसाला ठाऊक असतें, पाहुण्याला नसतें. स्थळाची माहिती असलेलें एक मूल वेळेवर “काका, तेथें उतरूं नका” एवढें म्हणालें, तर तें कोणाचा जीवहि वांचवूं शकेल. पाहुण्याला चिक्की विकणें हा व्यापार झाला. त्याला वाट दाखविणें व धोका सांगणें हा यजमानाचा धर्म आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या वर्षीं प्रत्येक वर्गानें आपल्या पायांच्या टप्प्यांतील एक जुनें घर, एक पूल, एक तळें वा एक लेणें निवडावें. चार रविवारीं तेथें जावें. फाटकावरचें नांव व साल उतरून घ्यावें, चित्र काढावें, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावें आणि सर्व एका वहींत लिहावें. लेण्यांच्या खांबांवर आपलें नांव मात्र कोरूं नये. भूतपालाचें नांव तेथें आहे तें त्यानें घर पुरें केलें म्हणून. पालकांना विनंति एवढीच कीं, या कामाला ‘परीक्षेंत गुण नाहींत’ म्हणून हिणवूं नये, आणि घरांतील आजीआजोबांच्या आठवणी मुलांना सांगाव्या.

अशा दहा वह्या झाल्या तर आपल्या ग्रंथालयांतील एक फळी भरेल. घरें कदाचित् पडतील, वह्या राहतील. आणि पुढच्या पावसाळ्यांत तुंगार्लीच्या वळणावर पुन्हां एखादी मोटार थांबली, तर आपला मुलगा म्हणेल, “काका, पाहण्यासारखें पुष्कळ आहे. तुमच्याजवळ वेळ किती आहे, तें आधीं सांगा.”