वेल्ह्याची शांतता कोणाच्या मालकीची?

पुण्यामुंबईच्या सुखवस्तू वर्गासाठी भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड) गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाची बाजारपेठ उभी राहिली आहे. हा माल म्हणजे शांतता. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात मोबाईल काढून घेतले जातात, पहाटे मौन पाळले जाते, भाटघर किंवा पानशेतच्या जलाशयाकाठी तंबूपुढे बसून वहीत मनोगत लिहिले जाते. कोणी जलरंगात तोरणा रंगवतो. निसर्गाशी तुटलेले नाते जोडणे, अंतर्मुख होणे, सर्जनशीलता जागवणे ही या व्यवसायाची भाषा. या भाषेत ‘अस्पर्श’ आणि ‘निर्मनुष्य’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि खरा वाद या शब्दांशीच आहे.

महादेव कोळी, कातकरी, धनगर आणि डोंगरउतारावर भात-नाचणी पिकवणारा मावळातला शेतकरी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. रायरेश्वराच्या पठारावर आजही जंगमांची वस्ती आहे. शिडी चढून पोचलेल्या पाहुण्याला जे ठिकाण जगापलीकडचे वाटते, ते त्यांचे गाव आहे. सह्याद्रीतले जे जुने रान टिकले, त्यातले पुष्कळसे देवरायांच्या रूपाने टिकले, आणि देवराया राखल्या त्या गावकऱ्यांनी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून ही गोष्ट शास्त्रज्ञांपुढे मांडली. आता तेच रान शहरी पाहुण्याला दाखवताना राखणदार मात्र चित्रातून पुसला जातो. अमेरिकेत हे फार पूर्वी घडले. यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले. पुढच्या काही वर्षांत तेथील आदिवासींना हुसकावण्यात आले आणि ती भूमी मानवाचा स्पर्श न झालेली म्हणून जगापुढे मांडण्यात आली.

भोर-वेल्ह्याची शांतता कशी निर्माण झाली, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. भाटघरचे आजचे धरण १९२० च्या दशकात, भोर संस्थान असताना, पुरे झाले. त्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा आणि फलटण-माळशिरसचा ऊस उभा राहिला. पुढे पानशेत आणि वरसगाव झाले. त्यांचे पाणी पुण्याच्या नळाला जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुणे वाहून गेले, ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या धरणासाठी खोऱ्यातली कोणती गावे उठली, हे किती पुणेकर सांगू शकतील? त्यानंतर नीरा-देवघर आणि गुंजवणी आली. नदीकाठची भातखाचरे पाण्याखाली गेली, उरली ती वरकस जमीन. पावसाळ्यात धो-धो कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळतात. तरुण पुण्याला जातात, घरोघरी म्हातारी माणसे उरतात. शिबिरार्थींना जी प्रसन्न निःशब्दता लाभते, तिचा मोठा हिस्सा या गेलेल्या माणसांचा आहे.

तंबू ठोकले जातात ती जागाही तपासण्यासारखी आहे. जलाशय ओसरला की उघड्या पडणाऱ्या जमिनीत धरणग्रस्त गाळपेर करतात. ज्याची मूळ जमीन बुडाली त्याला निदान एवढा तरी आधार असावा, हे त्यामागचे तत्त्व. त्या काठावर आता दोऱ्या आणि खुंट्या दिसतात. शेजारची जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते, आणि विकणाऱ्याचा मुलगा त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून पगारावर लागतो. या वाटेने कोठवर जाता येते हे लवासाने दाखवले आहे. वरसगावच्या जलाशयाकाठी, मुळशी-वेल्ह्यातील अठरा गावांच्या परिसरात, ‘निसर्गसान्निध्या’च्या नावाने एक अख्खे शहर उभे करण्याचा घाट घातला गेला, २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेली. डोंगर मात्र कापले गेले ते गेलेच.

काही कार्यकर्ते हा सारा प्रकार श्रीमंतांचे चोचले म्हणून निकालात काढतात. ते बरोबर नाही. डोंगरात चार घटका निवांत बसावेसे वाटणे यात लाज वाटण्याजोगे काही नाही. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या कामगारांनी विश्रांतीचा हक्कच तर मागितला होता. तक्रार अशी की हा हक्क आज पैसे मोजणाऱ्यालाच मिळतो. वेल्ह्याहून पुण्यात येऊन धुणीभांडी करणाऱ्या बाईची मालकीण आत्मशोधासाठी वेल्ह्याला जाते, आणि त्या बाईला मात्र भातलावणीला गावी जाण्यासाठी चार दिवसांची रजा मागताना दहादा विनवावे लागते. चिंतनाची गरज या दोघींपैकी एकीलाच असते काय?

‘पण यातून रोजगार मिळतो’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. भाकरी-पिठले विकणाऱ्या घराला त्या पैशाचे मोल आहे. पण रोजगार कोणता? वाट ठाऊक असलेला स्थानिक माणूस ओझे वाहतो, चूल पेटवतो, खरकटे काढतो. त्याच वाटेवरून गट नेणारा ‘मार्गदर्शक’ शहरातून येतो. एव्हरेस्टवर १८ एप्रिल २०१४ रोजी हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार मरण पावले, तेव्हा शेर्पांनी तुटपुंज्या भरपाईवर संताप व्यक्त करून काम थांबवले आणि तेथील तो हंगाम बंद पडला. जगाला त्या दिवसांत कळले की शिखर कोणाच्या पाठीवरून चढले जाते. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. तो याच राज्यातल्या हमालांच्या संघटित बळावर उभा राहिला. गोदामात पोते उचलणाऱ्याला नोंद, विमा, भविष्यनिर्वाह निधी असावा आणि मढे घाटाकडे पाठपिशव्या वाहणाऱ्याला काही नसावे, याला कोणते तर्कशास्त्र आहे? राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले; संस्थांची नोंदणी आणि पाहुण्यांची सुरक्षितता यांचा विचार त्यात आहे. ओझे वाहणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न संघटनेलाच लावून धरावा लागेल.

जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गर्दी वाढणार, तंबू वाढणार. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागण्याचे हत्यार दिले आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या धनगरवाड्यांना मात्र पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा जमवावा लागतो, आणि त्या कागदांच्या शोधात शिकलेल्या कार्यकर्त्याची गरज सर्वांत जास्त आहे. शिबिरांना परवानगी ग्रामसभेने द्यावी, शुल्काचा ठरावीक वाटा ग्रामनिधीत जमा व्हावा, गाळपेरीच्या जमिनीवर तंबूबंदी असावी, मार्गदर्शक गावातला असावा आणि त्याची मजुरी लेखी ठरावी, एवढे ठराव कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहेत. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ते यावेत यासाठी भोर आणि वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांनी मार्चपासूनच वाड्यावस्त्यांवर फिरायला लागावे. पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडले की हे काम होत नाही.