बाळाला उमासा येतो तेव्हा

ज्या घरात आई-वडील दोघेही नोकरी करतात, त्या घरात बाळाची दुपारची वाटी बहुधा आजी-आजोबांच्या हाती येते. सन २०१७ च्या कायदादुरुस्तीने नोकरदार स्त्रीची प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि बाळाला वरचे अन्न सुरू करण्याचे वयही सहा महिनेच. उष्टावण होते न होते तोच आई कामावर रुजू होते. खाणे शिकण्याचा बाळाचा सारा अवघड काळ मग आपल्या डोळ्यांसमोर जातो.

या काळात एक प्रसंग जवळजवळ प्रत्येक घरात घडतो. कुस्करलेल्या भाताचा घास तोंडात जातो, बाळ क्षणभर थबकते, डोळ्यांत पाणी येते, जीभ बाहेर येते आणि ‘ओक्’ असा आवाज होतो. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. कोणी पाठीत धपाटे घालते, कोणी तोंडात बोट घालते, कोणी पाणी पाजते. दुसऱ्या दिवसापासून सारे अन्न मिक्सरमधून पाण्यासारखे होऊन वाटीत येते. भीती स्वाभाविक आहे. परंतु ती नेमकी कशाची बाळगावी आणि कशाची नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. बाळाची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.

उमासा हा पहारेकरी

घशापाशी नको असलेली वस्तू आली की ती बाहेर ढकलणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया निसर्गाने माणसाला दिली आहे. तोच उमासा. मोठ्या माणसाला तो जिभेच्या अगदी मागच्या भागाला स्पर्श झाल्यावर येतो. सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर मात्र ही संवेदनशील जागा बरीच पुढे असते. त्यामुळे घास घशाच्या बराच अलीकडे असतानाच जीभ त्याला बाहेर लोटते. श्वासनलिकेच्या दारापासून दूर उभा राहून हा पहारेकरी आरडाओरडा करतो, असे म्हणा ना.

बाळ जसजसे खायला शिकते, घास जिभेवर फिरवते, हिरड्यांनी चेपते, तसतशी ही जागा मागे सरकत जाते आणि उमासे कमी होतात. न्यूझीलंडमधील सुमारे दोनशे बाळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांना सुरक्षिततेच्या सूचना देऊन ज्या बाळांना स्वतःच्या हाताने खाऊ दिले होते, त्यांना सहाव्या महिन्यात चमच्याने खाणाऱ्या बाळांपेक्षा अधिक उमासे आले. आठव्या महिन्यात मात्र त्यांचे उमासे चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा कमी झाले. गुदमरण्याच्या प्रसंगांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे हात लावून, चाखून, कधी उमासा येऊनच बाळ शिकत होते.

उलटपक्षी, भीतीपोटी अन्न फार काळ पातळ ठेवल्याचीही किंमत असते. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात असे दिसले, की ज्यांना मऊ गाठी असलेले अन्न नऊ महिन्यांनंतर मिळाले, ती मुले सातव्या वर्षी भाज्या आणि फळे कमी खात होती आणि त्यांच्या खाण्याच्या तक्रारीही अधिक होत्या. तेव्हा मिक्सर हा बाळाचा कायमचा सोबती होऊ देऊ नये. पूर्वी आपल्या आई-आज्या वरणभात बोटांनी कुस्करून भरवत. त्यात काही शिते अख्खी राहत, आणि तेच बाळाला चावण्याचे पहिले धडे असत.

आवाज आणि शांतता

उमासा, ठसका आणि गुदमरणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

उमाशात बाळ आवाज करते, जीभ बाहेर काढते, कधी चेहरा लाल होतो, कधी थोडी उलटी होते. श्वास चालू असतो. काही क्षणांत ते सावरते आणि पुष्कळदा पुन्हा तोंड उघडते.

ठसक्यात अन्नाचा कण श्वासनलिकेच्या दाराशी पोहोचलेला असतो आणि बाळ खोकून तो बाहेर काढत असते. खोकला जोरदार असेल, मध्ये रडणे ऐकू येत असेल, तर हवा आत-बाहेर होत आहे. अशा वेळी खोकू द्यावे आणि लक्ष ठेवावे.

गुदमरताना मात्र आवाज जातो. बाळ रडू शकत नाही, खोकू शकत नाही किंवा अगदी क्षीण खोकते. तोंड उघडे, डोळे भेदरलेले आणि आवाज नाही, असे ते दिसते. ओठ निळसर किंवा राखाडी पडू लागतात. सावळ्या बाळाच्या गालांवरून रंग कळत नाही. ओठ, हिरड्या आणि जीभ पाहावी.

एवढे एक वाक्य मनात पक्के असू द्यावे: बाळ आवाज करत असेल तर आपण थांबावे, बाळ गप्प झाले असेल तर आपण धावावे.

यातूनच आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक सूचना निघते. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांनी बाळाच्या मागे किंवा बाजूला बसून भरवू नये. समोर बसावे, चष्मा लावावा, दिवा लावावा आणि चेहऱ्यावर नजर ठेवावी. दूरदर्शन संच बंद ठेवावा. बाळ खात असताना ‘आलेच हं’ म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नये. गुदमरणारे बाळ आपल्याला हाक मारू शकत नाही.

उमासा आल्यावर

आपले हात आवरणे, हे पहिले काम. तोंडात बोट घालू नये. बाहेर येऊ पाहणारा घास त्याने आत ढकलला जातो. पाठीत मारू नये, पाणी पाजू नये, पाय धरून उलटे करू नये. ‘वर बघ’ म्हणत हनुवटी उचलण्याची आणि टाळूवर थोपटण्याची आपली जुनी सवयही येथे सोडावी. मान मागे गेली की घास मागे जाण्याचा संभव वाढतो. बाळाला सरळ किंवा किंचित पुढे झुकलेले राहू द्यावे.

दुसरे काम चेहऱ्याचे. बाळ आपल्या मुद्रेवरून प्रसंग किती गंभीर हे ठरवते. आपण किंचाळलो तर ते घाबरते, आणि घाबरून रडताना खोल श्वास घेते. शांतपणे ‘हं, आलं बाहेर’ एवढेच म्हणावे, तोंड पुसावे, थोडे थांबावे आणि पुढचा घास लहान द्यावा. बाळाने मान फिरवली तर त्या वेळचे जेवण संपले असे समजावे. तोंड दाबून किंवा आडवे निजवून बोंडल्याने अन्न ओतणे ही सर्वांत धोक्याची रीत आहे, ती टाळावीच.

बसणे, वाटी आणि घास

मान स्थिर झाली आहे, आधाराने बसता येते, अन्न दिसताच तोंड उघडते आणि दिलेला घास जिभेने लगेच बाहेर ढकलला जात नाही, ही तयारीची लक्षणे होत. भरवताना बाळ नेहमी ताठ बसलेले असावे. पसरलेल्या पायांवर निजवून, झोपाळ्यावर, चालत्या गाडीत, हसताना, रडताना किंवा पेंगताना घास देऊ नये.

अन्नाचा पोत पायरीपायरीने बदलावा. प्रथम घोटलेला मऊ भात-वरण, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे. काही आठवड्यांत काट्याने किंवा बोटांनी जाडसर कुस्करलेली खिचडी, लाल भोपळा, रताळे. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास हातात धरता येतील असे मऊ तुकडे, आणि वर्षाच्या आसपास घरातलेच कमी तिखट-मिठाचे जेवण. तुकडा योग्य आहे का, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे: अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबल्यावर तो सहज चेपला गेला पाहिजे. उकडलेले गाजर या कसोटीस उतरते, कच्चे उतरत नाही.

पुढचे दात आले म्हणून निर्धास्त होऊ नये. ते तुकडा तोडतात, दळत नाहीत. दळणाऱ्या दाढा साधारण वर्ष उलटल्यावर येऊ लागतात. दोन दात आलेले बाळ सफरचंदाचा तुकडा छान तोडते आणि मग त्याचे काय करावे हे त्याला कळत नाही.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खा सुकामेवा, खोबऱ्याचे तुकडे, लाह्या, खडीसाखर, गोळ्या, चिक्की आणि सुपारी या वस्तू बाळाच्या वाऱ्यालाही उभ्या करू नयेत. शेंगदाणा तर चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा देऊच नये. त्याचे बारीक कूट अन्नात मिसळून देता येते. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. सीताफळ, बोर, जांभूळ, चिकू यांच्या बिया काढल्याची स्वतः खात्री करावी.

येथे बोरन्हाणाचा उल्लेख केला पाहिजे. संक्रांतीनंतर बाळाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, शेंगा, हलवा आणि गोळ्या ओतण्याची आपली हौसेची रीत आहे. गुदमरण्याच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक वस्तूंचा सडा त्या दिवशी बाळाच्या हाताशी पडलेला असतो. हौस अवश्य करावी. पण बाळाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या ओताव्यात, खाऊ मोठ्या मुलांच्या हाती निराळा द्यावा आणि बाळाला जमिनीवर सोडण्यापूर्वी खोली झाडून घ्यावी. दागिन्यांतला हलवाही सुटून तोंडात जातो, म्हणून छायाचित्र काढून होताच ते उतरवावेत.

बाळ गप्प झाले तर

एक वर्षाखालील बाळ शुद्धीवर आहे, पण त्याला रडता किंवा खोकता येत नाही, अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे. दुसरे कोणी असेल तर त्याला १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करण्यास सांगावे.

१. खाली बसावे. बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, हात मांडीवर टेकवावा. डोके छातीपेक्षा खाली असावे. जबडा बोटांनी आधारावा, गळा दाबू नये. मनगटात बळ नसेल तर बाळाला आपल्या मांड्यांवर पालथे घ्यावे.

२. तळहाताच्या मनगटाकडील भागाने दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये पाच ठाम थापा माराव्यात.

३. वस्तू निघाली नाही, तर बाळाला उताणे करावे, डोके खालीच ठेवावे. स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच वेळा दाबावे. पोट दाबू नये. या वयात त्याने आतील अवयवांना इजा होते.

४. तोंडात पाहावे. वस्तू स्पष्ट दिसली तरच काढावी, अंदाजाने बोट फिरवू नये.

५. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडू लागेपर्यंत पाच थापा आणि पाच दाब आळीपाळीने देत राहावे. बाळ निपचित पडले तर कठीण पृष्ठभागावर निजवून, शिकले असल्यास, हृदय-श्वसन संजीवन सुरू करावे. घरात एकटे असाल तर दूरध्वनीचा आवाज मोठा करून तो शेजारी ठेवावा आणि पलीकडून येणाऱ्या सूचना पाळाव्यात.

बाळ सावरले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कधी जोराचा ठसका लागून बाळ शांत होते, पण नंतर खोकला, घरघर किंवा धाप राहते. सर्दी समजून काढे देत बसू नये. शेंगदाण्यासारखा कण फुप्फुसाच्या नळीत अडकलेला असू शकतो आणि तो रुग्णालयातच काढावा लागतो.

हे सारे वाचून येत नाही, हातांना सवय लागावी लागते. भारतीय रेडक्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. तोवर घरातल्या बाहुलीवर मुलगा-सुनेसह हे एकदा करून पाहावे.

डॉक्टरांचा सल्ला केव्हा

प्रत्येक जेवणात उमासे येऊन उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, दूध पितानाही ठसके लागत असतील, नऊ-दहा महिन्यांनंतरही जराशी गाठ सहन होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरचे अन्न केव्हा द्यायचे, हेही त्यांनाच विचारावे.

अन्न पातळ द्यावे की तुकडे द्यावेत, यावरून पुष्कळ घरांत सासू-सुनेत अबोला धरला जातो. दोघींचे मन एकाच बाळात गुंतलेले असते. सूनबाईंनी उकडलेल्या गाजराचा तुकडा बाळाच्या हाती दिला, तर तो आपल्या बोटांनी दाबून पाहावा. चेपला गेला तर निश्चिंत मनाने समोर बसावे. तुकडा कडक असेल तर तोही तसाच दाबून दाखवावा. सकाळी कामावर जाणाऱ्या आईला, आपल्या माघारी बाळाच्या समोर शांत नजरेचे माणूस बसले आहे, याहून मोठा आधार दुसरा नाही.