चेहरा नको, नाव पुरे

रोमन नाण्यांचा विषय निघाला की सगळे सोन्या-चांदीकडे धावतात. मला मात्र त्यांची ब्राँझची नाणी जास्त इंटरेस्टिंग वाटतात. सोनं मोठ्या व्यवहारांना. पाव घ्यायला, सार्वजनिक स्नानगृहात जायला लागायची ती ही चिल्लर. म्हणजे गरिबातल्या गरिबाच्या मुठीतही सम्राटाचं तोंड! आणि मागच्या बाजूला त्याचा पराक्रम. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं, तर व्हेस्पेशियनने ब्राँझच्या मोठ्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली बाई काढली. ती बाई म्हणजे हरलेला ज्यूडिया. वाचता येत नसलं तरी मेसेज डिलिव्हर्ड :)

आता आपल्याकडची चिल्लर बघा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आमची कल्याण-भिवंडी घेतली, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. त्यांचं तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. बस्स. चेहरा नाही, घोडा नाही, रडणारा शत्रू तर नाहीच.

यावर कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? मोगल, आदिलशाही नाण्यांवरही बहुतेक अक्षरंच असायची की. मान्य. पण ती फारसी. शिवराईवर आली देवनागरी. ‘शिव’चं कुठे ‘सिव’ झालं, कुठे ‘शीव’. ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे कित्येकदा निम्मी अक्षरं बाहेरच राहिली. तरी नाणं चाललं. इतकं चाललं की १८१८ साली पेशवाई बुडाल्यावरही शिवराया बाजारात फिरत होत्या.

मला यातून एकच गोष्ट कळते. राज्य लोकांना आपलं वाटायला राजाचं तोंड रोज दिसावं लागत नाही. त्याची भाषा आपली असली आणि पैसा खरा असला की पुरतं.

आणि आम्ही काय करतो? कामतघरमध्ये वऱ्हाळदेवी तलावाकडे जाताना मान वर केली की फ्लेक्स. कुणाचा तरी वाढदिवस, खाली वीस शुभेच्छुकांचे वीस चेहरे, प्रत्येकाचा हात जोडलेला. रस्त्याचं, पाण्याचं काय केलं याचा एक शब्द नाही. हे सरळ रोमन खातं झालं, फक्त ब्राँझऐवजी प्लास्टिक.

गंमत म्हणजे त्याच फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात फोटो असतो तो महाराजांचा. ज्यांनी स्वतःच्या पैशावरसुद्धा स्वतःचा चेहरा छापला नाही, त्यांचा.

असो. पुढच्या वाढदिवसाला नुसतं नाव आणि केलेलं एक काम लिहून बघा की राव. जागा उरली तर आम्हालाही तलाव दिसेल.