रोही-डुकरासाठी काडतूस कोणतं? आधी धुऱ्यापलीकडं बघा



हरभरा घाट्यावर आला की दरवर्षी फोन येतात. "भाऊ, तुमच्याकडं बंदूक आहे, डुकरासाठी कोणतं काडतूस चालते?" कळमेश्वर तालुक्यात जागली करून करून माणूस थकते, मग हा प्रश्न येणारच. एकदाचं लिहून ठेवतो.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. राज्य शासनाच्या जुलै 2015 च्या आदेशानं पिकाची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरासाठी परवानगी मागता येते. अर्ज वनविभागाकडं. चितळ त्यात नाही, तूर कितीही खाल्ली तरी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे मारायचा परवाना नव्हे. मेलेलं जनावरही सरकारचं, वाटून खायचं नाही.

आता काडतूस. आपल्याकडं दोनच हत्यारं दिसतात, बारा बोअर आणि .315 रायफल. .303 ची बोअर लष्करी, साध्या परवान्यावर भेटत नाही.

बारा बोअरमधून बारीक छर्रा डुकरावर मारू नका. तो पाखरांसाठी असते. आमच्या शिवारात एकानं परवानगी काढली, पण घरात पडलेली चार नंबरची काडतुसं वापरली. डुक्कर जखमी होऊन पऱ्हाटीत घुसलं. सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईची मांडी फाडली. हरभरा वाचला काय अन् नाही काय, त्या घराचा हंगाम गेला.

डुकरासाठी एल.जी., म्हणजे मोजके मोठे छर्रे. तेही पंचवीस-तीस पावलांच्या आत. त्यापुढं छर्रे फाकतात, जनावर मरत नाही, फक्त जखमी होते. अजून एक, बापजाद्यांच्या बंदुकीची चेंबर बहुतेक 65 मिलिमीटरची असते. त्यात 70 चं काडतूस बसते, म्हणून ते चालते असं नाही. दाब वाढून नळी फुटू शकते. नळीवरचा आकडा वाचा, नाही समजला तर बंदूकवाल्याला दाखवा.

रोह्याचा नर दोनशे किलोच्या घरातला. त्याला .315 च पाहिजे. गोळी 8 मिलिमीटरची, वजन जवळपास 16 ग्रॅम. पण हीच गोळी नेम चुकला तर किलोमीटरच्याही पुढं जाते. आपली वावरं तीन-चार एकराची. धुऱ्यापलीकडं दुसऱ्याची जागली, संत्र्याच्या बागेत झोपलेला राखणदार, रस्त्यानं एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणारी पोरं. म्हणून रायफल मचाणावरूनच, नळी खाली, अन् जनावरामागं माती दिसत असेल तरच. सपाट वावरात उभ्यानं कधीच नाही.

माझं मत सरळ आहे. लहान वावरात बारा बोअर, एल.जी., जवळून, फक्त डुकरावर. रोह्यासाठी मचाण नसेल तर गोळी चालवूच नका, हाकलून लावा.

अन् वर्षभर पेटीत ठेवलेली बंदूक एकदम अंधारात काढू नका. परवान्यावर काडतुसांचा आकडा ठरलेला असते, त्यातली चार-पाच रायफल क्लबच्या रेंजवर कागदी निशाणावर घालवा. आपला नेम किती अंतरापर्यंत खरा आहे ते तिथंच समजते. नुसते डोळे चमकले म्हणून घोडा ओढू नका. ते डोळे शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याचेही असू शकतात.

तुमचा अनुभव लिहा. मेलेल्या जनावराचे फोटो मात्र टाकू नका.