वडखळ नाक्यावर जागा कोणाची?

मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा जिथे फुटतो, तो वडखळ नाका वाहतूक कोंडीसाठी बदनाम होता. पुढे बाह्यवळण झाले, कोकणात जाणाऱ्या गाड्या गावाबाहेरून धावू लागल्या. कोंडीबरोबर गिऱ्हाईकही गेले. अशा वेळी बाजार वाचविण्याचा उपाय ठरलेला असतो : टोपलीवाल्या बाया उठवा, गाड्यांना जागा करा!

पण जागा अडवली कोणी? पांढरा कांदा, सुकी मासळी विकणाऱ्या बाईची टोपली दोन हात जागा घेते आणि दिवसभर गिऱ्हाईक करते. दुकानदाराची स्वतःची चारचाकी सकाळी दुकानासमोर लागते ती रात्रीच हलते. येणारा गिऱ्हाईक जागा शोधतो आणि पुढे निघून जातो. तरीही टोपली म्हणजे अतिक्रमण, गाडी म्हणजे पार्किंग!

अमेरिकेतील पॅसाडेनाच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेणे सुरू झाले. जमलेला पैसा त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर, स्वच्छतेवर खर्च झाला. गाड्या हलू लागल्या, ओस पडलेली पेठ सावरली. फुकट पार्किंगची किंमत गाडी नसणाराही मोजतो, हे डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या ग्रंथात सविस्तर मांडले.

वडखळला हे अशक्य नाही. पहिला अर्धा तास मोफत, नंतर शुल्क. मिनीडोर-रिक्षांना वेगळा थांबा. आणि जमलेल्या पैशातून टोपलीवाल्यांना ओटे, पाणी, महिलांसाठी शौचालय. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यावा लागतो.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यातील समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे, त्यात एक तृतीयांश महिला, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना स्थान. मात्र हा कायदा शहरांसाठी. ग्रामपंचायतीच्या नाक्यावर बसणारी बाई त्याच्या बाहेर राहते. तरी ती निराधार नाही. ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

याच महामार्गावर पुढे महाड आहे. चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात आधीच होता. पाणी मात्र १९२७ साली बाबासाहेबांना जाऊन प्यावे लागले. म्हणून बांधवांनो, वाहनतळाचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा टोपलीवाल्या भगिनींना सोबत न्या, मागणी लेखी द्या आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.