पुढचे राष्ट्रपती कोण?

आमचा एक जुना विद्यार्थी सध्या कुवेतमध्ये शुऐबा बंदरात नोकरीस आहे. कुवेत शहराच्या दक्षिणेस, समुद्रकाठी, कारखान्यांच्या वस्तीतले हे बंदर. त्याच्याबरोबर रत्नागिरी-चिपळूणकडची काही मराठी मंडळी काम करतात. परवा त्याने कळविले की, जेवणाच्या सुट्टीत तिथे सध्या एकच वाद रंगतो: २०२७ साली भारताचे राष्ट्रपती कोण होणार? “या खेपेस पुन्हा आपला मराठी माणूस,” असे एकाने छातीठोकपणे सांगितले. त्यावर आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला विचारले आहे, “गुरुजी, त्यांच्या त्या ‘आपला’मध्ये मी येतो का? आणि आपल्या मॉरिशसमध्ये आपली पाळी केव्हा येणार?”

गंमत अशी की, ज्या भूमीवर हा वाद चालतो तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेप्रमाणे अमीरपद मुबारक अल्-सबाह यांच्या वंशातच चालते. पण भारतात आणि आपल्या बेटावर हे पद वारशाने मिळत नाही, म्हणून तर लोक तर्क लढवितात. ‘बाजारात तुरी’ म्हणून कोणी हसेल. तरी विद्यार्थ्याने विचारले आहे, तेव्हा उत्तर देणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

प्रथम भारताचे पाहू. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची पाच वर्षांची मुदत जुलै २०२७ मध्ये पुरी होते. त्यांच्यानंतर कोण, हे मतदार थेट ठरवीत नाहीत. संसदेचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांचे आमदार मत देतात, आणि १९७१ च्या लोकसंख्येवरून प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य ठरलेले असते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे, गोव्याच्या आमदाराचे २० चे. महाराष्ट्राचे २८८ आमदार एकत्र आले तर ५०,४०० मते होतात. मुर्मू यांना २०२२ साली ६,७६,८०३ मते पडली, हे ध्यानात घेतले म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या हट्टाने कोणी राष्ट्रपती होत नाही, हे शुऐबातल्या मंडळींना पटावे.

मग नाव येते कोठून? जुना रस्ता उपराष्ट्रपतिपदाचा होता. डॉ. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, वेंकटरामन, शंकर दयाळ शर्मा आणि के. आर. नारायणन हे सहाजण त्या वाटेने राष्ट्रपती झाले. पण नारायणन १९९७ साली निवडून आले, त्यानंतर त्या वाटेने कोणी गेलेले नाही. २००७ साली उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत उभे राहिले आणि पडले. नवा रस्ता राज्यपालांच्या निवासातून निघतो. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल होत्या, रामनाथ कोविंद बिहारचे, आणि मुर्मू यांनी झारखंडचे राज्यपालपद भूषविले होते. २००७ पासूनच्या चार राष्ट्रपतींपैकी तिघे या वाटेने आले. तेव्हा कोणाला पैज लावायचीच असेल, तर त्याने वर्तमानपत्रांत रोज झळकणाऱ्या पुढाऱ्यांकडे न पाहता एखाद्या राज्यपालाकडे किंवा माजी राज्यपालाकडे पाहावे, एवढेच आम्ही सुचवितो. बोलबाला झालेली नावे बहुधा मागे पडतात.

मराठी नावांची कथाही तीच आहे. १९६९ साली महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख उभे राहिले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री. एवढा मोठा माणूस, पण लढत गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यातच झाली आणि देशमुख तिसरे आले. २००७ साली प्रथम शिवराज पाटील यांचे नाव पुढे होते. डाव्या पक्षांना ते मान्य झाले नाही. सुशीलकुमार शिंदे यांच्याही नावाची चर्चा होती. अखेर जून महिन्यात, कोणाच्या ध्यानीमनी नसता, जळगावच्या प्रतिभाताईंचे नाव निघाले. शिवसेनेने आपली आघाडी बाजूला ठेवून मराठी म्हणून त्यांना पाठिंबा दिला, आणि भारताला पहिल्या स्त्री-राष्ट्रपती मिळाल्या. २०२२ साली शरद पवार यांना विरोधी पक्षांनी गळ घातली, त्यांनी नकार दिला.

प्रतिभाताई एप्रिल २०११ मध्ये आपल्या बेटावर आल्या, तेव्हा आपल्या आयाबहिणींना झालेला आनंद आम्ही विसरलो नाही. पणजोबांनी कोकणातून आणलेली भाषा ज्यांच्या घरची, अशी बाई भारताच्या सर्वोच्च पदावरून आपल्याकडे येते, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. त्या अर्थाने, होय, विद्यार्थ्याने स्वतःला त्या ‘आपला’मध्ये अवश्य धरावे. पण अभिमान एका दिवसाचा असतो आणि पद पाच वर्षांचे. या पदाची खरी परीक्षा मिरवणुकीत होत नाही, सहीच्या वेळी होते.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली, आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या सहीला जात, प्रांत, भाषा काही नव्हते. उलट, लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक १९८६ साली संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि ते कधीच कायदा झाले नाही. पद तेच. फरक पडला तो लेखणी धरणाऱ्या हातामुळे.

आपल्या बेटावर याचे उदाहरण दूर शोधायला नको. फेब्रुवारी २००२ मध्ये दहशतवाद-प्रतिबंधक विधेयकावर सही करण्याऐवजी राष्ट्रपती कासम उतीम यांनी राजीनामा दिला. काही दिवसांतच उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांनीही पद सोडले. शेवटी हंगामी राष्ट्रपती म्हणून सरन्यायाधीशांनी सही केली आणि कायदा झाला. काहीजण म्हणतील, मग काय उपयोग झाला? उपयोग हा की, एक मुसलमान आणि एक तमिळ, दोघांनी आपल्या समाजाची पाळी म्हणून मिळालेली मानाची खुर्ची न मानता ती जबाबदारीची मानली, हे या देशातल्या मुलांनी पाहिले.

आता विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न, आपल्या पाळीचा. १९९२ साली मॉरिशस प्रजासत्ताक झाले, तेव्हापासून या पदावर आपल्या मराठी समाजातले कोणी आलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धरम गोकुल यांची निवड झाली, म्हणजे पुढची निवड नेमाने २०२९ च्या अखेरीस. गणपतीच्या दिवसांत झाकरी संपली की अंगणात कोणीतरी बोटे मोजू लागतो: हिंदू झाले, तमिळ झाले, मुसलमान झाले, क्रिओल झाले, आता आपण. ही बोटे मोजण्याची सवय आम्हांला बोचते, आणि ती आमच्यातही आहे हे आम्ही कबूल करतो. मुलांना वर्गात समतेचा पाठ द्यावा आणि संध्याकाळी आडनावे मोजावीत, हे बरे नव्हे.

मात्र मोजू नका म्हणजे बोलूच नका, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे पंतप्रधान ठराव मांडतात, राष्ट्रीय सभेच्या एकूण सभासदांच्या बहुमताने तो संमत होतो, आणि त्या ठरावावर सभागृहात चर्चा करता येत नाही. उमेदवार मॉरिशसचा नागरिक असावा, चाळीस वर्षांचा झालेला असावा, निवडीपूर्वी पाच वर्षे देशात राहिलेला असावा, एवढ्याच मुख्य अटी. तो ताठ कण्याचा आहे का, हे कोठेच विचारले जात नाही. जे सभागृहात बोलता येत नाही ते बाहेरच बोलावे लागेल. बैठकीत, दुकानाच्या पायरीवर, या पानावर. निवडीपूर्वी नावांविषयी चाललेली बोलणी हीच काय ती आपली चर्चा. म्हणूनच ती आडनावावर वाया घालवू नये.

तेव्हा, चिरंजीव, शुऐबातल्या आपल्या सोबत्यांना असे सांग. पुढचे नाव निघेल तेव्हा तो मराठी का, हे अवश्य विचारा. अभिमान कोणी सोडावा असे आमचे म्हणणे नाही. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: या माणसाने आजवर कधी वरिष्ठांना ‘नाही’ म्हटले आहे का? उत्तर ‘होय’ असेल तर तो कोणत्याही घरचा असो, आपलाच समजा. आणि तो मराठी घरातलाच निघाला, तर या बेटावरच्या पहिल्या पेढ्याचा मान आमचा.