चुन्याची फुले

विद्यार्थ्यांची सहल घेऊन सोयगावहून छत्रपती संभाजीनगरला गेले, की बीबीच्या मकबऱ्यापाशी एक वाक्य हटकून कानी पडते : ‘हा गरिबांचा ताजमहाल!’ मुले ते ओशाळल्या चेहऱ्याने ऐकून घेतात; जणू मराठवाड्याच्या दारिद्र्याचा आणखी एक दाखला मिळाला. आमचा आक्षेप या तुलनेला नाही, तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे.

तुलना अपरिहार्यच आहे. दिलरस बानू बेगमच्या या कबरीचा स्थपती अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. मात्र ताजच्या भिंतींवर उमललेली पच्चीकारी येथे नाही. अकीक, लाजवर्द, यशब अशा कठीण दगडांच्या पातळ चकत्या कापायच्या, संगमरवरात तंतोतंत खाच कोरून त्या बसवायच्या आणि सांधा दिसेनासा होईतो घासायच्या, अशी ही कला. इटलीत तिला ‘पिएत्रा दुरा’, म्हणजे कठीण दगड, म्हणतात. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्यातील पहिल्या फर्दिनांदोने १५८८ मध्ये तिच्यासाठी कारखानाच स्थापन केला. राजाश्रय आणि अमाप वेळ यांवाचून ही कला उभीच राहत नाही.

मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदला गेला आहे. ताजच्या खर्चाचे आकडे कोटींत जातात. येथे संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला पुरला. उरलेल्या काळ्या पाषाणावर कारागिरांनी चुन्याचा गिलावा चढवला आणि त्यातच वेलबुट्टी उठवली.

आमच्याच तालुक्यातील अजिंठ्यात कातळावर माती, तूस आणि तंतूंचा लेप चढवून, वर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रे रंगवली गेली. या दोन कामांत हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे; परंपरेचा धागा ओढूनताणून जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण अजिंठ्याच्या मातीला कोणी गरीब म्हणत नाही. मग मकबऱ्याच्या चुन्यालाच का म्हणावे?

प्रश्न केवळ अस्मितेचा नाही. दगडाचे फूल शतकानुशतके टिकते. चुन्याचे फूल पावसापाण्यात झडते. ते राखायला चुना मुरवणारे, मळणारे हात प्रत्येक पिढीत लागतात. ज्या कलेला आपण नक्कल म्हणून हिणवतो, ती शिकायला उद्या कोण पुढे येईल? पुढच्या सहलीत मुलांना आधी त्या भिंतीजवळ नेऊ. ताजची गोष्ट नंतर सांगू.